लाकूड : शास्त्रातले, कायद्यातले आणि डोक्यावरचे



या तिमाहीच्या शास्त्राभ्यासासाठी मी 'लाकूड' हा शब्द घेतला आहे. भाकर, पाणी, रक्त, मेंढरू यांवर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. लाकडावर संदेश ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. हा विषय मलाही पुस्तकात सापडला नाही. तो एका कागदामुळे माझ्या मागे लागला.

गेल्या वैशाखात आमच्या कामातल्या एका पाड्यावरची विधवा बहीण पावसाळ्याचे सरपण घेऊन येत होती. मृगाच्या आधी जळण घरात पडले नाही तर आषाढात चूल पेटत नाही, हे पाड्यावर कोणाला सांगावे लागत नाही. डोक्यावर मोळी, हातात लहान कुऱ्हाड. वाटेत तिला अडवले. निरोप मिळताच मी गेले, तोवर कागद लिहून झाला होता. दिवस मावळत आलेला, तिचे लेकरू घरी एकटे. मी कागद वरवर वाचला आणि म्हणाले, "अंगठा दे बाय, आणि चल घरी." तिने दिला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स नीट वाचली. मोळी हा शब्द त्यात कुठेच नव्हता. 'ऐनाचे इमारती लाकूड, नग ५' असे होते. त्या पाच वाळक्या फांद्या होत्या, सर्वांत जाड फांदी मनगटाएवढी. पण नग म्हटले की मोजणी आली आणि इमारती म्हटले की किंमत आली. दंडापायी तिच्या कोंबड्या गेल्या आणि कुऱ्हाड जमा झाली. लिहिणाऱ्याची चूक असेल ती असो. वाचता येणारी माणसे तिथे होती आणि त्यांत मी एक होते.

पुढच्या रविवारी संगतीत गणना १५ वा अध्याय आला. आम्ही क्रमानेच वाचतो, निवडून नव्हे. शब्बाथ दिवशी रानात काटक्या गोळा करणारा माणूस सापडतो, त्याला पहाऱ्यात ठेवतात आणि मग सारी मंडळी त्याला छावणीबाहेर नेऊन धोंडमार करते (गणना १५:३२-३६). वाचन संपले तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, "फाटीच गोळा केली ना त्यानं? मग तेवढ्यासाठी धोंडे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, आजी, अभ्यास करून सांगते. तो अभ्यास हा असा.

जुन्या करारात झाडाला आणि लाकडाला इब्री भाषेत एकच शब्द आहे, 'एत्स'. एदेन बागेतले जीवनाचे झाड एत्स. नोहाचे तारू ज्या गोफेर लाकडाचे केले तेही एत्स. इसहाकाच्या पाठीवर बापाने ठेवलेली होमाची लाकडे त्याच शब्दाच्या अनेकवचनात. मारा येथे कडू पाण्यात मोशेने टाकले ते एत्स, आणि हामानाने मर्दखयासाठी पन्नास हात उंच उभारले तेही एत्स. उभे, आडवे, जळणारे, फळणारे, सगळे एका शब्दात.

आपली मराठी याच्या अगदी उलट. आपण उभ्याला झाड म्हणतो आणि पडले की लाकूड. मग त्या लाकडाचे ओंडका, वासा, खांब, तुळई, फळी, ढलपी, काटकी, सरपण असे घराणेच सुरू होते. सागवान इमारतीला, धामण दांड्याला, कारवी कुडाच्या भिंतीला, खैर काथाला. कातकरी हे नावच त्या खैराच्या काथावरून आले. माणूस गेला की सरण. आणि म्हातारी माणसे स्वतःबद्दल सहज म्हणतात की आता आमची लाकडे मसणात पोचली. रानातल्या माणसाला लाकडाच्या कामाइतकी लाकडाची नावे लागतात. कागद लिहिणाऱ्याला एकच नाव पुरते, आणि ते कोणते निवडायचे हे त्याच्या हातात असते.

'लाकूड' हा शब्दही मुळात निरुपद्रवी नाही. तो संस्कृत 'लकुट' वरून आला असे भाषेचे जाणकार सांगतात. लकुट म्हणजे सोटा, दंडुका. आपल्या भाषेत मारायच्या वस्तूचे नाव पुढे जाळायच्या, बांधायच्या वस्तूला पडले. हे लक्षात ठेवा, पुढे गेथशेमाने बागेत ते कामी येईल.

आता अनुवाद १९:५ उघडा. दोन शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एक जण झाड तोडायला कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याला लागून तो मरतो. अशा माणसाला सूड घेणाऱ्यापासून वाचण्यासाठी आश्रयाचे नगर आहे, असा हा नियम. मराठीत वाचताना लाकडे, झाड आणि दांडा हे तीन शब्द मनात येतात. इब्रीत तिन्ही ठिकाणी एत्सच आहे. जे तोडायला निघाले तेही एत्स, ज्यावर घाव तेही एत्स आणि घाव घालणाऱ्या हातातले तेही एत्स. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपल्याकडे कोणी रचली ठाऊक नसले तरी त्याने हेच पाहिले होते. पण या वचनात मला अधिक मोलाचे वाटते ते दुसरेच. लाकडासाठी रानात गेलेल्या माणसाच्या हातून अपघात होईल, हे नियमशास्त्राने आधीच धरलेले आहे. त्याचा हेतू काय होता, हे विचारल्याशिवाय त्याला गुन्हेगार ठरवायचे नाही. नियमशास्त्र कुऱ्हाड पाहते आणि धरणाऱ्याचे मनही पाहते.

मग आजीचा प्रश्न आणखी कठीण होतो. गणना १५ मध्ये हेतू कोणी विचारलेला दिसत नाही.

काही भाष्यकार म्हणतात की तो माणूस मुद्दाम, देवाला आव्हान देऊन काटक्या गोळा करत होता. कारण त्याच्या आधीच्या वचनांत जाणूनबुजून केलेल्या पापाचा विषय आहे. असेल. डिप्लोमाच्या वर्गात मीही उत्तरपत्रिकेत तेच लिहिले होते आणि मार्क मिळाले होते. आजीसमोर ते उत्तर पुरले नसते. तिच्या घरी लाकूड रविवारीही लागते.

म्हणून मी त्या वचनातले क्रियापद शोधले. 'काटक्या गोळा करणे' यासाठी तिथे जो इब्री शब्द आहे तो शास्त्रात मोजक्याच ठिकाणी येतो. निर्गम ५ मध्ये फारो इस्राएली गुलामांना पेंढा देणे बंद करतो आणि स्वतः गोळा करा म्हणतो, विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. तिथे तेच क्रियापद आहे. आणि १ राजे १७:१० मध्ये सारफथच्या वेशीजवळ एक विधवा काटक्या गोळा करत असते, तिथे गणनेतलेच दोन्ही शब्द जसेच्या तसे येतात, क्रियापदही आणि एत्सही.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून पाहा. गोळा करणे हे मिसरात गुलामाचे काम होते. शब्बाथ त्या गुलामांना मिळालेली सुट्टी होती. तुम्ही मिसरात दास होता याची आठवण ठेवा, असेच अनुवाद ५:१५ मध्ये त्याचे कारण दिले आहे. फारोच्या राज्यात ज्यांना एक दिवसही पाठ टेकता आली नाही, त्यांच्या छावणीत कोणी त्या दिवशी पुन्हा वेचायला निघाला, तर लोकांना आपली सुटकाच हातची जाते आहे असे वाटले असेल. हा माझा अर्थ आहे, शेवटचा शब्द नव्हे, आणि धोंडमार त्याने सोपी होत नाही. पण पुढे त्याच दोन शब्दांनी दाखवलेल्या विधवेकडे देव धोंडे पाठवत नाही, एलीया पाठवतो. ती दोन काटक्या वेचत असते. मोळीसुद्धा नाही, दोन. त्यांवर शेवटची भाकर करून लेकासह खाऊन मरायचे, असा तिचा हिशोब. तिला कोणी विचारत नाही की ही काटकी कोणत्या झाडाची, कोणाच्या हद्दीतली. तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही.

हे मी आजीला सांगितले. ती म्हणाली, पहिला तो माणूस पण गरीबच असणार. मी नाही म्हणू शकले नाही.

लाकडावर जगणाऱ्यांचा आणखी एक मोठा प्रसंग यहोशवाच्या ९ व्या अध्यायात आहे आणि आपल्यासारख्या कामात असलेल्यांनी तो वारंवार वाचावा. गिबोनी लोक त्या देशाचे मूळ रहिवासी. जीव वाचवण्यासाठी त्यांनी फाटके कपडे, शिळ्या भाकरी दाखवून करार करून घेतला. फसवणूक उघड झाल्यावर त्यांना जिवंत ठेवले, पण लाकूडतोडे आणि पाणके करून. ज्यांचे रान होते त्यांनीच त्या रानातले लाकूड दुसऱ्यांसाठी तोडायचे! हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आपले कोणते पाडे येतात ते नावाने सांगत नाही. पण कथा तिथे संपत नाही. कित्येक पिढ्यांनंतर शौल राजाने तो करार मोडून गिबोन्यांना मारले आणि दाविदाच्या काळात देशात तीन वर्षे दुष्काळ पडला. कारण विचारले तेव्हा परमेश्वराने गिबोन्यांचे नाव घेतले (२ शमुवेल २१). लाकूडतोड्यांशी केलेला कागद देवाकडे नोंदलेला होता. आणि अनुवाद २९:११ मध्ये करारासाठी देवासमोर कोण कोण उभे आहे याची यादी येते, तिच्यात वडीलधाऱ्यांबरोबर लाकूडतोड्या आणि पाणक्याही मोजलेले आहेत.

यरुशलेम पडल्यावर, इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास, काय झाले हे विलापगीताचा ५ वा अध्याय सांगतो. तक्रार मोठी नाही, घरगुती आहे: आपलेच पाणी पैसे देऊन प्यावे लागते, आपलेच लाकूड विकत घ्यावे लागते (५:४). थोडे पुढे, लाकडाच्या ओझ्याखाली पोरे अडखळतात (५:१३). राज्य गेले हे चुलीपाशी कळते. आगारातून जळाऊ लाकडाचे बीट विकत घेणाऱ्या रानातल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

जाता जाता यशया ४४ बद्दल. एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर माणूस भाकर भाजतो आणि उरलेल्याचा देव करून त्याच्या पाया पडतो, हा उतारा आपल्या प्रचारकांचा फार आवडता. गावाच्या शिवेवरच्या लाकडी वाघोबाकडे बोट दाखवून तो वाचला जातो. मला ते पटत नाही. संदेष्टा आपल्याच लोकांशी बोलत होता. आपणही आधी आपल्या मंदिरातल्या सागवानी बाकांच्या वर्गणीवरून झालेली भांडणे आठवावीत.

आता कायद्याकडे वळते, कारण त्या कागदावरचा शब्द शास्त्रातून नव्हे, तिथूनच आला होता. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या २ ऱ्या कलमात शब्दांचे अर्थ दिले आहेत. इंग्रजीत ज्याला टिंबर म्हटले आहे आणि मराठी कागदात इमारती लाकूड, त्यात पडलेली वा पाडलेली झाडे येतातच, शिवाय सगळे लाकूड येते, कापलेले असो वा नसो, घडवलेले असो वा नसो, कोणत्याही कामासाठी पोखरलेले असो वा नसो. म्हणजे इमारतीचा संबंध नावापुरता. नांगर, जू, उखळ, मुसळ, काठवट, सगळे या व्याख्येत बसते. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टिर लिहितात की आपला प्रभू सुतारकीत नांगर आणि जोखडे करत असे. या कलमाप्रमाणे नासरेथचे ते दुकान टिंबरचेच.

याच कलमात झाडाचाही अर्थ दिला होता आणि त्यात बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. कायद्याने झाड म्हटले, म्हणून तो तोडायला आणि वाहून न्यायला झाडाचे नियम लागले. वन हक्क कायदा, २००६ ने बांबूला गौण वनोपज म्हटले. त्याच यादीत झुडपी लाकूड, खुंट, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपाने, कंदमुळे आहेत आणि या उपजेवर रानात राहणाऱ्यांचा मालकीहक्क मान्य केला आहे. तरी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती येईपर्यंत २०११ चा एप्रिल उजाडला. जुन्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू शब्द निघाला २०१७ मध्ये. गवताला गवत म्हणवून घ्यायला नव्वद वर्षे. आपले कार्यकर्ते जेव्हा म्हणतात की शब्दांवर काय वाद घालायचा, तेव्हा मी हा हिशोब सांगते. आणि अर्ज लिहिताना नुसते 'लाकूड' लिहू नका, काय होते ते लिहा: वाळलेले, खाली पडलेले, किती जाड, मोळी किती, घरच्या चुलीसाठी. ही सूचना स्वतःला आधी.

नव्या करारात ग्रीक भाषेत लाकडासाठी 'क्सूलॉन' हा शब्द आहे. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातले झायलेम आणि लाकडी पट्ट्यांचे वाद्य झायलोफोन यांत तोच शब्द आहे. इब्री शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा एत्ससाठी हाच शब्द वापरला, म्हणून एत्सचे सारे नातेगोते त्याच्याकडे आले. आपल्या मराठी शास्त्रात मात्र तो वेगवेगळी नावे घेऊन वावरतो. गेथशेमानेत जमाव तलवारी आणि सोटे घेऊन येतो (मत्तय २६:४७). ते सोटे म्हणजे क्सूलॉन. आपल्या लाकडाचे मूळ लकुट इथे त्याला येऊन भेटते. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला यांचे पाय खोड्यात अडकवले (प्रे. कृत्ये १६:२४), तो खोडा क्सूलॉन. म्हणजे येशूला पकडणारे लाकूड आणि त्याच्या सेवकांना जखडणारे लाकूड एकाच नावाचे.

आणि वधस्तंभही. शुभवर्तमानांत वधस्तंभाला वेगळा शब्द आहे. पण पेत्र आणि पौल प्रवचन करताना पुष्कळदा तो बाजूला ठेवतात आणि क्सूलॉन म्हणतात (प्रे. कृत्ये ५:३०, १०:३९, १३:२९, १ पेत्र २:२४). मराठीत कुठे खांब येतो, कुठे झाड, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही. कारण अनुवाद २१:२३ मध्ये आहे: टांगलेला मनुष्य शापित समजावा आणि त्याचे प्रेत रात्रभर झाडावर राहू देऊ नये. गलती ३:१३ मध्ये पौल तेच वचन पुढे घेतो आणि म्हणतो की तो शाप ख्रिस्ताने आपल्यासाठी घेतला. प्रेषितांना सन्मानाचा शब्द सापडला नसता असे नाही. त्यांनी शापाचाच शब्द ठेवला, ओबडधोबड, अपराध्याच्या कागदावरचा.

वधस्तंभाकडे जाताना स्त्रिया रडतात तेव्हा प्रभू स्वतःही हाच शब्द उच्चारतो: ओल्या लाकडाचे हे होते तर वाळलेल्याचे काय होईल, अशा अर्थाचे ते वचन (लूक २३:३१). आपण म्हणतो, सुक्याबरोबर ओलेही जळते. प्रभू उलटे सांगतो. इथे ओले आधी जळते आहे. संगतीतल्या बायका या वचनावर बराच वेळ बोलल्या, कारण ओले लाकूड चुलीत घालावे लागणे म्हणजे काय, धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

प्रकटीकरणात हा शब्द दोन टोकांना येतो. १८:१२-१३ मध्ये बाबेलच्या व्यापाऱ्यांचा माल मोजला आहे. सोने, मोती, रेशीम, सुगंधी लाकूड, मौल्यवान लाकडाच्या वस्तू असे करत ती यादी शेवटी माणसांवर येते, त्यांचीही विक्री. जिथे लाकडाची नुसती किंमत मोजतात तिथे ते तोडणाऱ्या माणसालाही मालात धरायला वेळ लागत नाही. २२:२ मध्ये नदीच्या दोन्ही काठांवर जीवनाचे झाड आहे, तेही क्सूलॉन, आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. एदेनापासून बंद असलेली वाट इथे उघडते. त्या झाडाभोवती कुंपण किंवा पहारा असल्याचे मी तरी कुठे वाचले नाही.

त्या बहिणीसाठी ग्रामसभेचा ठराव करून आम्ही अर्ज दिला, या वेळी सगळे शब्द मोजून. दोन फेऱ्यांत तिची चार दिवसांची मजुरी बुडाली. दंड परत आला नाही. कुऱ्हाड आली, पाते गंजलेले, दांडा चिरलेला. मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून धामणीचा नवा दांडा तासत होती. मांडीवर ढलप्या पडल्या होत्या, पोर त्या चुलीजवळ नेऊन ठेवत होते. दांडा पात्यात बसवून तिने दोनदा ठोकला, माझ्यासमोर धरला आणि विचारले, "ताई, याला आता कागदावर काय लिहितील?"